‘विठ्ठल’ म्हणजे काय? घरातल्या नावाचा उगम कसा तपासावा

गेल्या वर्षी पुतण्याला मुलगा झाला आणि घरच्या रीतीप्रमाणे त्याला खापरपणजोबांचे, म्हणजे माझ्या आजोबांचे, नाव ठेवायचे ठरले: विठ्ठल. बारशाच्या पत्रिकेत नावाखाली अर्थ छापण्याची हल्ली पद्धत आहे, म्हणून पुतण्याने मोबाइलवर चार ठिकाणी पाहिले आणि चार वेगळी उत्तरे घेऊन तो माझ्याकडे आला. एका ठिकाणी ‘विष्णू’ होते, दुसऱ्या ठिकाणी ‘विटेवर उभा असलेला’, तिसऱ्या ठिकाणी ‘अज्ञानी जनांना जवळ करणारा’ आणि चौथ्या ठिकाणी ‘भाग्य देणारा’. ‘‘काका, ह्यांतले खरे कुठले?’’ एवढाच त्याचा प्रश्न होता. पत्रिका छापखान्यात जायला आठ दिवस होते आणि तेवढ्यात मला उत्तर देता आले नाही. पत्रिकेवर नुसते नाव छापले गेले. पुढचे काही महिने मात्र मी त्या प्रश्नाचा पाठपुरावा केला. त्यातून हाती आलेली रीत येथे मांडत आहे. आपल्या घरातले नाव विठ्ठल नसून पांडुरंग, मंगेश किंवा शांता असले, तरी हीच रीत उपयोगी पडेल. उदाहरण मात्र मी एकच घेतो, कारण एका नावाच्या तळाशी गेल्याशिवाय ही रीत हाताला बसत नाही.

सर्वांत आधी दोन प्रश्न एकमेकांपासून वेगळे करून कागदाच्या दोन बाजूंना लिहावेत. हा शब्द मुळात कोठून आला, हा पहिला प्रश्न. हा शब्द उच्चारताना लोकांच्या मनात आजवर काय येत गेले, हा दुसरा. पहिल्याला उगम म्हणू, दुसऱ्याला अर्थ. नावांविषयीचे बहुतेक वाद ह्या दोन गोष्टींची गल्लत झाल्यामुळे होतात. गोव्यात साखळीजवळ वाळवंटी नदीच्या काठी विठ्ठलापूरला चैत्री उत्सवात कीर्तनकार विटेची कथा सांगतात तेव्हा ते अर्थ सांगत असतात, आणि त्या अर्थाला कित्येक शतकांच्या भक्तीचा आधार आहे. भाषेचा अभ्यासक त्याच शब्दातल्या ‘ठ’वर बोट ठेवतो तेव्हा तो उगमाविषयी बोलत असतो. दोघांपैकी कोणीही खोटे बोलत नाही. पण एकाचे उत्तर दुसऱ्याच्या प्रश्नाखाली लिहिले की घोटाळा होतो. पुतण्याच्या मोबाइलवरच्या चार उत्तरांत नेमके हेच झाले होते.

घरातली रूपे जमवणे

त्यानंतर कोश उघडण्याची घाई करू नये. नाव घरात कसकसे लिहिले गेले आणि कसकसे हाक मारले गेले, ते आधी जमवावे. आमच्याकडे आजोबांच्या नावाची तीन रूपे सापडली. मराठी शाळेच्या दाखल्यावर ‘विठल’ असे एकाच ठ चे होते. भजनी मंडळाच्या वर्गणीच्या वहीत कोणा शेजाऱ्याने पेन्सिलीने ‘विठू’ लिहिले होते. पोर्तुगीज अमदानीतल्या जमिनीच्या एका कागदावर रोमी अक्षरांत जे होते, ते मोठ्याने वाचले तर ‘व्हिटोला’ असे ऐकू येई. तो कागद मी खिडकीपाशी नेऊन भिंगाखाली धरला. लेखनिकाने ‘ट’साठी नुसता ‘टी’ काढलेला होता, त्याला जोडून ‘एच’ नव्हता, आणि शेवटच्या ‘ए’ला शाईचा एक लांब फराटा होता. आजोबांची सही मात्र त्याखाली देवनागरीत, दोन्ही ठ जोडून, ठसठशीत. स्वतःचे नाव कसे आहे हे त्या माणसाला पक्के ठाऊक होते आणि कागद लिहिणाऱ्याच्या लिपीत ते मावत नव्हते.

हे गोव्यात विशेष ध्यानात ठेवावे लागते. पोर्तुगीज भाषेत ट आणि त, ठ आणि थ असा भेद नाही आणि महाप्राण, म्हणजे ठ, थ ह्यांसारखे ह मिसळलेले, वर्ण नाहीत, त्यामुळे ठ तेथे नुसता ट किंवा त होऊन उतरतो. शिवाय आपल्याकडच्या उच्चारातला अकार पोर्तुगीज कानाला ओकारासारखा ऐकू आला, म्हणून जुन्या कागदांत पांडुरंगाचा ‘पांडुरोंगा’ आणि प्रभूंचा ‘पोरोबो’ झालेला दिसतो. अशा रूपावरून उगम शोधायला निघालेला माणूस हमखास वाट चुकतो. एक धोका तर अगदी जवळचा आहे. पोर्तुगीजांत ‘व्हिताल’ असे एक स्वतंत्र नाव आहे. ते लॅटिन ‘व्हितालिस’वरून आले असून त्याचा अर्थ जीवनाशी संबंधित असा होतो आणि त्या नावाचे ख्रिस्ती संतही होऊन गेले. रोमी लिपीत विठ्ठलामधला एक ‘टी’ आणि ‘एच’ गळला की उरलेली अक्षरे थेट त्या नावाची होतात. रोमी स्पेलिंगवरून अर्थ काढून देणाऱ्या यंत्राला हा फरक कळण्याचा संभव नाही. म्हणून नियम असा करावा, की उगमाचा विचार करताना देवनागरी, मोडी किंवा गोयकानडी लिपीतले रूप आधी धरावे आणि रोमी रूप फक्त साक्षीदार म्हणून पाहावे.

घरात कागद नसतील तर देवस्थानच्या महाजनांच्या याद्या, गावकारीच्या म्हणजे कोमुनिदाद ह्या ग्रामसंस्थेच्या जुन्या वह्या, पुरोहिताकडची वंशावळ आणि पणजीचे पुराभिलेख खाते ह्या वाटा आहेत. १५९५ मध्ये पोर्तुगीज इतिहासकार दियोगु दु कोउतु ह्याच्याकडे ज्या दप्तराची देखरेख सोपवली गेली त्यापासून ह्या अभिलेखागाराची परंपरा सुरू होते, आणि विसाव्या शतकात पांडुरंग पिसुर्लेकरांनी ते नावारूपाला आणले. कोश आणि शिलालेखांचे संग्रह पाहण्यासाठी पणजीतच पाटोवरचे कृष्णदास शामा ग्रंथालय बरे. तेथे जाताना नावाची जमवलेली सगळी रूपे एका कागदावर, सन घालून, बरोबर न्यावीत. तारीख नसलेले रूप अर्ध्या किमतीचे असते.

बाहेरचे पुरावे, तारखेसह

देवाच्या नावावरून ठेवलेल्या नावाचा उगम म्हणजे त्या देवाच्या नावाचा उगम. त्यामुळे विठ्ठलासाठी पंढरपूरला जावे लागते, निदान तेथल्या शिलालेखांच्या वाचनापर्यंत तरी. ह्या स्थानाचा सर्वांत जुना समजला जाणारा विठ्ठलविषयक शिलालेख शके ११११ चा, म्हणजे इ. स. ११८९ चा आहे. त्यानंतर १२३७ चा होयसळ राजा सोमेश्वराच्या काळचा लेख येतो. मग शके ११९५ पासून पुढच्या काही वर्षांत कोरलेला, मंदिरासाठी दान देणाऱ्यांची नावे नोंदवणारा लेख, ज्याला लोक ‘चौऱ्याऐंशीचा शिलालेख’ म्हणतात आणि चौऱ्याऐंशी लक्ष योनींच्या फेऱ्यातून सुटका व्हावी म्हणून ज्याला पाठ घासत आले. घासून घासून अक्षरे झिजत गेली. तारखा असलेले इतके मोलाचे शब्द श्रद्धेच्या स्पर्शानेच पुसट व्हावेत, ह्याचे मला वाईट वाटते. पण त्या स्पर्शामुळेच तो दगड लोकांच्या मनात राहिला, हेही तितकेच खरे.

ह्या तारखांचा उपयोग काय? एखादी व्युत्पत्ती सांगणारी कथा केव्हाच्या ग्रंथात प्रथम येते आणि नाव केव्हापासून दगडावर आहे, हे ताडून पाहता येते. नाव आधी आणि कथा नंतर असेल, तर कथा नावावरून रचली गेली असण्याची शक्यता धरावी लागते. ह्यातला दुसरा धडा भूगोलाचा आहे. सोमेश्वर हा कन्नड मुलखाचा राजा. बाराव्या-तेराव्या शतकांत पंढरपूर हे मराठी आणि कन्नड ह्यांच्या सीमेवरचे स्थान होते. तेथल्या नावाचा विचार फक्त मराठीपुरता किंवा फक्त संस्कृतपुरता करून भागणार नाही. गोव्यातल्या वाचकाला हे वेगळे पटवून देण्याची गरज नाही, कारण कदंबांच्या राजवटीपासून आपल्या भूमीवर कन्नड, संस्कृत आणि मराठी लेख शेजारी शेजारी नांदले आहेत, आणि विजयनगरच्या अमलातला १४१३ चा नागेशीचा शिलालेख आजही बांदोड्याला उभा आहे.

दावे एकेक करून घासून पाहणे

आता खरे काम. प्रत्येक दाव्याला तीन प्रश्न विचारायचे: ध्वनी जुळतात का, अर्थ जुळतो का, आणि असाच बदल दुसऱ्या एखाद्या शब्दात झालेला दाखवता येतो का. तिसरा प्रश्न लोक विसरतात आणि तोच सर्वांत उपयोगी असतो.

वीट आणि स्थळ ह्यांवरून विठ्ठल, हा दावा सर्वांना प्रिय आहे. पुंडलिकाने आईवडिलांची सेवा सोडली नाही, देवासाठी वीट भिरकावली आणि देव कमरेवर हात ठेवून तीवर उभा राहिला. ही कथा ऐकतच आम्ही वाढलो. ध्वनी पाहू. वीट हा शब्द संस्कृत इष्टिकेवरून आला. संस्कृतातल्या ष्ट चा प्राकृतात सहसा ट्ठ होतो आणि मराठीत ठ उरतो, जसे मुष्टीवरून मूठ. पण विटेच्या बाबतीत कोणत्या तरी कारणाने ठ न येता ट आला, मराठीत वीट झाली आणि हिंदीत ईंट. म्हणजे नावातला ठ विटेपासून मिळत नाही, तो ‘स्थळ’ ह्या उत्तरार्धातून आणावा लागतो. ते अशक्य नाही. मात्र विटेवर उभा असणाऱ्याला ‘विटेचे स्थळ’ म्हणावे, ही शब्दाची घडण सरळ नाही. स्थळ हे जागेचे नाव आहे, उभ्या असणाऱ्याचे नव्हे. म्हणून उगमाच्या बाजूला मी ह्या दाव्यापुढे ‘शक्य, पण ओढाताणीचा’ असे लिहिले. अर्थाच्या बाजूला मात्र तोच सर्वांत वर ठेवला, कारण मराठी माणूस विठ्ठल म्हणतो तेव्हा डोळ्यांपुढे वीट येते, आणि हे कोणत्याही शब्दकोशाने खोडून निघणार नाही.

विष्णूवरून विठ्ठल हा दावा अभ्यासकांत सर्वाधिक मानला गेला. रा. गो. भांडारकरांनी १९१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात असे मांडले, की विष्णू ह्या नावाचे कन्नडमध्ये बिट्टी, बिट्टू असे रूप होते, त्यावरून विठू झाले आणि आदराचे ‘ल’ किंवा ‘बा’ लागून विठ्ठल आणि विठोबा ही रूपे तयार झाली. ह्याला एक सुंदर दाखला आहे. होयसळ घराण्यातला बाराव्या शतकातला प्रसिद्ध राजा विष्णुवर्धन ह्याचे आधीचे नाव बिट्टिदेव होते. म्हणजे कन्नड मुलखात बिट्टी आणि विष्णू ही एकाच नावाची दोन तोंडे समजली जात. विचारायचा तिसरा प्रश्न येथे फार मदत करतो. संस्कृतातला ‘ष्ण’ आपल्या मराठीत कसा उतरतो? उष्णाचे ऊन झाले, तृष्णेची तहान झाली, कृष्णाचा कान्हा झाला. ह्या हिशेबाने विष्णूचे मराठीत ‘विन्हू’सारखे काही तरी व्हायला हवे होते, विठू नव्हे. पण हेच कृष्णाचे नाव दक्षिणेत किट्टू होते आणि बंगालात केष्टो होते. म्हणजे विष्णूवरून विठ्ठल आला असेल, तर तो मराठीच्या घरच्या वाटेने आलेला नाही. कन्नडच्या वाटेने आला. दाव्याची ही मर्यादा आणि हेच त्याचे बळ. तरीही दोन गाठी सुटत नाहीत. कन्नड रूपात ट्ट आहे, आपल्याकडे ठ्ठ. हा महाप्राण मध्येच कोठून शिरला? आणि दिशा उलटी तर नाही ना? गोपाळचा गोपू होतो, रघुनाथचा रघू होतो, तसा विठ्ठलाचा विठू झाला असेल, तर विठूपासून विठ्ठलाकडे जाणारी सगळी शिडीच उलटी टेकवलेली ठरते. लाडकी रूपे छोटी असतात म्हणून ती जुनी असतात असे नाही. आमच्या घरच्या वर्गणीच्या वहीतला विठू हा दाखल्यावरच्या ‘विठल’नंतरचाच होता.

तिसरा दावा इतिहासाचार्य वि. का. राजवाड्यांचा, आणि तो ऐकायला रुक्ष असला तरी घडणीला फार नेटका आहे. त्यांच्या मते मूळ शब्द ‘विष्ठल’, म्हणजे दूरचे, रानावनातले स्थळ. हा शब्द त्यांनी हवेतून काढला नाही. पाणिनीच्या अष्टाध्यायीत (८.३.९६) एक सूत्र आहे, की वि, कु, शमि आणि परि ह्यांच्यापुढे स्थल हा शब्द आला तर त्यातल्या स चा ष होतो, म्हणून विष्ठल. आता ध्वनी पाहावेत. ओष्ठाचा ओठ, पृष्ठाची पाठ, कोष्ठाचा कोठा, काष्ठाची काठी: ष्ठ चा ठ होणे ही आपल्या भाषेची रोजची सवय आहे. विष्ठलाचा विठ्ठल होण्यात एकही अडथळा नाही, ठ आपोआप मिळतो आणि शेवटच्या ‘ल’साठी वेगळा प्रत्यय शोधावा लागत नाही. अडचण अर्थाची आहे. देवाला जागेचे नाव का पडावे? ह्याचे एक उत्तर असे, की देव ज्या स्थळी आहे त्या स्थळाच्या नावाने त्याला ओळखणे ही आपल्या लोकांची पद्धतच आहे, मग विष्ठलावरचा देव तो विठ्ठल झाला असेल. हे पटण्यासारखे आहे, पण सिद्ध झालेले नाही. रा. चिं. ढेरे ह्यांनी ‘श्रीविठ्ठल : एक महासमन्वय’ ह्या १९८४ च्या ग्रंथात विठ्ठलाचे मूळ गवळी-धनगरांच्या देवतेत शोधले. कोल्हापूरजवळच्या पट्टणकोडोलीला आजही विठ्ठल आणि बिरदेव जोडीने पुजले जातात. रानातले कळप आणि रानातले स्थळ ह्यांची सांगड कोणाच्याही मनात आपसूक बसेल. परंतु आपसूक बसणाऱ्या सांगडीपाशी थोडे थांबावे, कारण मनाला पटले ते सिद्ध झाले असे समजण्याचा मोह तेथेच होतो. मला स्वतःला तो झाला होता. तीन आठवडे मी राजवाड्यांचेच मत सर्वांना सांगत होतो. मग ‘ऊन’ आणि ‘तहान’ हे शब्द घेऊन कन्नडच्या वाटेचा विचार केला, तेव्हा माझी खात्री निम्म्यावर आली.

चौथ्या प्रकारच्या दाव्यांवर फार वेळ घालवू नये. संस्कृत पंडितांनी ‘विदा’ म्हणजे ज्ञानाने, ‘ठ’ म्हणजे शून्य असलेल्यांना, ‘ल’ म्हणजे घेणारा, अशी फोड करून अज्ञानी जनांना जवळ करणारा तो विठ्ठल, असे सांगितले. तुकाराम महाराजांच्या नावावरच्या एका अभंगात विठोबातला ‘वि’ म्हणजे पक्षी, अर्थात गरुड, अशी फोड येते; वि म्हणजे पक्षी हा अर्थ संस्कृतात आहेच. ह्या फोडी उगम सांगण्यासाठी केलेल्याच नव्हत्या. नावाच्या एकेका अक्षरात देवाचा एकेक गुण पाहणे हा भक्तीचा आणि निरुक्ताचा, म्हणजे शब्दांची फोड करून अर्थ सांगणाऱ्या शास्त्राचा, जुना आनंद आहे, आणि त्या नात्याने त्या अर्थाच्या बाजूला सन्मानाने लिहाव्यात. अशी फोड ओळखण्याची खूण सोपी आहे: ती शब्दाचा प्रत्येक तुकडा वापरते, एकही अक्षर उरू देत नाही, आणि तशीच फोड दुसऱ्या कोणत्याही शब्दाला लागू पडत नाही. राहिला ‘भाग्य देणारा’. त्याला ध्वनीचा आधार नाही, परंपरेचाही नाही. तो दोन्ही बाजूंतून काढून टाकावा.

अर्थाच्या बाजूलाही वाद असतो

उगम अनिश्चित आणि अर्थ निश्चित, अशी सोपी वाटणीही करू नये. ज्ञानेश्वरांच्या नावावरच्या प्रसिद्ध अभंगात विठ्ठलाला ‘कानडा’ आणि ‘कर्नाटकु’ म्हटले आहे. कोणी म्हणतात, ही कन्नड मुलखातून आलेल्या देवाची सरळ ओळख आहे. कोणी म्हणतात, कानडा म्हणजे न कळणारा, अगम्य. आणि कर्नाटकु म्हणजे नाना नाटके करणारा. दोन्ही वाचने मराठीच्या अंगाने चालतात, कारण आपल्याला न समजणाऱ्या बोलण्याला कानडी म्हणायची आपली जुनी खोड आहे. माझे मत असे, की कवीला दोन्ही अभिप्रेत असावेत. परंतु ह्या अभंगाचा उपयोग कोणी नावाच्या कन्नड उगमाचा पुरावा म्हणून करू लागला, तर त्याला थांबवावे. देव कोठून आला असे कवीला वाटले आणि शब्द कोठून आला, ह्या दोन गोष्टी पुन्हा वेगळ्याच.

पांडुरंगाचेही असेच आहे. शब्दशः पाहिले तर पांढऱ्या रंगाचा, आणि मूर्ती तर सावळी. ही विसंगती आमच्या आजीलाही जाणवत असे. पंढरपूरच्या जुन्या ‘पंडरगे’ ह्या नावाचे संस्कृत वळणाचे रूप म्हणजे पांडुरंग, असे अनेक अभ्यासकांचे मत आहे. हेमचंद्राच्या बाराव्या शतकातल्या देशी शब्दांच्या संग्रहात ‘पंडरंग’ हा शब्द रुद्राचे नाव म्हणून येतो, हेही विसरता येत नाही. ज्यांच्या घरात हे नाव आहे त्यांनी ह्याच रीतीने ते तपासून पाहावे. रंगाच्या सोप्या उत्तरावर थांबू नये.

निष्कर्ष कसा लिहावा

काम संपले की टिपण लिहावे आणि ते घरातल्या कागदांबरोबर ठेवावे. लिहिताना क्रियापदांची काळजी घ्यावी. जे दगडावर किंवा कागदावर तारखेसह आहे त्यासाठी ‘आहे’ लिहावे. अभ्यासकाने मांडले आहे त्यासाठी त्याचे नाव घालून ‘मांडले’. आपल्याला वाटते त्यासाठी ‘वाटते’. ही तीन क्रियापदे एकमेकांच्या जागी गेली की पुढच्या पिढीला खरे काय ते कळण्याचा मार्ग बंद होतो. कोशाचा आधार घेतला असेल तर कोश कोणता तेही लिहावे. कृ. पां. कुलकर्णींचा व्युत्पत्तिकोश, दाते-कर्वे ह्यांचा महाराष्ट्र शब्दकोश आणि तुळपुळे-फेल्डहाउस ह्यांचा जुन्या मराठीचा कोश हे तीन एकत्र उघडून पाहावेत. एकाच कोशात पाहून निष्कर्ष काढू नये, कारण नंतरचा कोशकार पुष्कळदा आधीच्या कोशकाराच्याच आधाराने चाललेला असतो आणि तीन ठिकाणी सापडलेले मत मुळात एकाच माणसाचे असू शकते.

आणखी एक, घरातल्या माणसांशी बोलताना उगमाची बाजू आधी काढू नये. आमच्या चुलत आजीपुढे मी उत्साहाने विष्ठल, बिट्टी आणि पाणिनी सुरू केले तेव्हा ती इतकी गप्प झाली की मला माझी चूक कळली. कार्तिकात मडगावच्या दिंडीला ती वर्षानुवर्षे जात आलेली, तिला त्या नावाचा अर्थ माझ्यापेक्षा चांगला ठाऊक होता. तिने सांगितले, की आजोबांचे नाव विठ्ठल पडले ते त्यांच्या आईची दोन मुले गेल्यावर तिने पंढरीला नवस बोलला म्हणून. कोणत्याही कोशात न मिळणारी ही तिसरी गोष्ट: हे नाव आमच्याच घरात का आले. तुमच्याकडे अशी माणसे असतील तर ग्रंथालयाच्या आधी त्यांच्याकडे जावे आणि त्यांचे बोलणे त्यांच्याच शब्दांत, तारीख घालून, उतरवून घ्यावे.

माझ्या टिपणात शेवटी एवढे आहे: विठ्ठल हे पंढरपूरच्या देवाचे नाव असून ते निदान बाराव्या शतकापासून शिलालेखांत आहे. भांडारकरांनी ते विष्णूवरून कन्नडच्या वाटेने आल्याचे मांडले, राजवाड्यांनी विष्ठलावरून. ध्वनीच्या दृष्टीने दुसरे मत अधिक सरळ वाटते, अर्थाच्या दृष्टीने पहिले. उगमाचा निर्णय झालेला नाही. विटेवर उभा असणारा, हा लोकांनी दिलेला अर्थ आहे आणि आमच्या घरात तोच मानला जातो. आमच्याकडे हे नाव माझ्या पणजीच्या नवसाने आले.

जन्मदाखल्याचा अर्ज भरायला पुतण्या गेला तेव्हा मी बरोबर गेलो होतो. देवनागरीत दोन्ही ठ जोडून लिहिले आणि रोमी अक्षरांत दोन ‘टी’ आणि ‘एच’ आहेत ना, हे खिडकीवरच्या कर्मचाऱ्याने छापील प्रत दिल्यावर आम्ही दोघांनी वेगवेगळे वाचून पाहिले, आणि मगच सही केली.